शेजाऱ्याचा कॅमेरा आणि घराचा उंबरठा

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित अंश)



घरफोडीची बातमी आली की त्याच आठवड्यात सोसायटीत दोन-चार नवे कॅमेरे लागतात. यात वावगे काही नाही. मुले परगावी किंवा परदेशी आणि घरी वृद्ध आईवडील, अशा कुटुंबाला दारावर एक जागता डोळा असावासा वाटणे स्वाभाविकच आहे. प्रश्न आहे तो त्या डोळ्याच्या दिशेचा. समोरच्या बाल्कनीत बसवलेला कॅमेरा स्वतःच्या दाराबरोबरच शेजाऱ्याचे शयनगृह, दोरीवरचे कपडे, तुळशीपाशी उभी असलेली गृहिणी, शाळेतून परतणारी मुलगी असे सारे टिपतो आणि साठवूनही ठेवतो. खिडकीतून डोकावणारा माणूस नजरानजर होताच ओशाळतो तरी; यंत्राला ते ओशाळणे ठाऊक नाही.

खासगीपणा हे पाश्चात्त्यांकडून आलेले खूळ आहे, असे म्हणणारे आपल्यातही भेटतात. त्यांनी कौटिल्य उघडून पाहावा. अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात घरबांधणीचे नियम आले आहेत. मध्ये राजमार्ग किंवा रस्ता नसताना दुसऱ्याच्या घराला बाधा होईल अशी समोरासमोर दारे-खिडक्या काढणाऱ्यास तिथे दंड सांगितला आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. त्यावेळी मूळचे नागपूरचे न्या. शरद बोबडे यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात रामायण, गृह्यसूत्रे आणि अर्थशास्त्र यांचे दाखले दिले. घर कसे बांधावे म्हणजे आतल्यांचा एकांत आणि धर्मकृत्यांचे पावित्र्य राखले जाईल, याचा विचार गृह्यसूत्रांनी केला होता, हे त्यांनी आवर्जून नोंदवले. वृत्तपत्रांत या भागाची व्हावी तेवढी चर्चा झाली नाही.

इंग्रज राजवटीलाही ही रूढी डावलता आली नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम १८ मधील एक उदाहरण जणू आजच्या वादासाठीच लिहिले आहे. शेजाऱ्याच्या एकांताचा भंग होईल अशी नवी खिडकी उघडू नये, अशी एखाद्या नगराची रूढी असेल, तर तिथे घर बांधणाऱ्याला ते संरक्षण आपोआप मिळते, असे ते उदाहरण सांगते. १८८८ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने, नव्या बांधकामातून शेजारच्या घरातील स्त्रियांच्या वावराची जागा दिसू लागली म्हणून झालेल्या दाव्यात, हा रूढीजन्य हक्क मान्य केला. मुंबई उच्च न्यायालयानेही गुजरातेतील खटल्यांत तो मानला. अर्थात रूढी त्या त्या गावापुरती सिद्ध करावी लागते. डोंबिवलीच्या नव्या संकुलाला कुठली रूढी असणार? पण तत्त्व स्पष्ट आहे. खिडकी उघडण्याचा हक्क शेजाऱ्याच्या माजघरापर्यंत पोहोचत नाही. कॅमेरा ही नवी खिडकीच आहे, फक्त ती कधी मिटत नाही.

मग आजचा कायदा काय म्हणतो? इथे थोडी निराशा पदरी येते. मूलभूत हक्क प्रामुख्याने राज्यसंस्थेविरुद्ध मागायचा असतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने व्यक्तीचा खासगी अथवा घरगुती वापर आपल्या कक्षेबाहेर ठेवला आहे. युरोपीय संघाच्या न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्येच वेगळी वाट धरली होती. चेक प्रजासत्ताकातील एका गृहस्थाने घरावर हल्ले होऊ लागल्यामुळे कॅमेरा लावला. त्याची भीती खरी होती. तरीही कॅमेऱ्यात सार्वजनिक रस्ता येत असल्याने हा निव्वळ घरगुती वापर नव्हे, असे न्यायालयाने ठरवले. असा भेद आपल्या कायद्यातही यायला हवा.

फौजदारी कायदा टोकाच्या प्रसंगी धावून येतो. स्त्रीच्या खासगी क्षणांचे चोरून चित्रण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा असून पहिल्या अपराधाला एक ते तीन वर्षे कारावास आहे. पण अंगणाकडे किंवा बाल्कनीकडे रोखलेला कॅमेरा त्यात सहजी बसत नाही. कोलकाता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये, सामाईक राहत्या घराच्या अंतर्भागात इतर रहिवाशांच्या संमतीविना कॅमेरे चालवता येणार नाहीत, असा निर्णय दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. तो वाद एकाच वास्तूतला होता, दोन शेजाऱ्यांमधला नव्हता. तरी सुरक्षेचे कारण पुढे केले की सगळे क्षम्य होते, हा समज त्याने दूर केला.

न्यायालयाच्या आधी शेजारधर्म आहे. "तुमच्या कॅमेऱ्यात आमचे काय दिसते ते जरा दाखवता का?" एवढे सौजन्याने विचारले, तर पुष्कळदा समोरचा गृहस्थच चकित होतो; कॅमेरा बसवणाऱ्या माणसाने तो कसा रोखला, हे त्याने पाहिलेलेच नसते. पडद्याचा तेवढा भाग काळा करण्याची सोय बहुतेक यंत्रांत असते आणि ते काम काही मिनिटांचे आहे. जिना, लॉबी, वाहनतळ या सोसायटीच्या जागा आहेत. तिथे कॅमेरा कुठे असावा, चित्रण किती दिवस ठेवावे आणि ते कोणी पाहावे, याचा ठराव सर्वसाधारण सभेने करावा. पहारेकऱ्याच्या खोलीतला पडदा येणाऱ्या-जाणाऱ्याने पाहावा, अशी स्थिती अनेक ठिकाणी आहे आणि तिची तक्रार कोणी करत नाही.

सामोपचाराने निभावले नाही, तर घरातून कॅमेऱ्याचा कोन दिसेल अशी तारखेसह छायाचित्रे घ्यावीत, शेजाऱ्याला लेखी पत्र देऊन त्याची पोच ठेवावी. त्यानंतर दिवाणी न्यायालयात मनाईहुकूम मागता येतो. कॅमेरा हलवण्याचाच आदेश हवा असेल, तर १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ३९ मध्ये तशी तरतूद आहे.