उंदीर औषधाला का जुमानत नाहीत?



मध्य रेल्वेने मुंबईला जाताना मुलुंड, भांडुप मागे पडले की कांजूरमार्ग लागते. तेथील कचऱ्याच्या डम्पिंग ग्राउंडचे नाव आपण ऐकले असेल. जेथे खरकटे, तेथे उंदीर-घुशी आल्याच. मुंबईत महानगरपालिकेचे कर्मचारी रात्री बॅटरी व काठी घेऊन उंदीर मारत आले आहेत. काठीची सवय उंदराला होत नाही. औषधाची होऊ शकते. ती कशी, हे पाहू.

ब्रोमॅडिओलोनचे आमिष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवसांनी अंतर्गत रक्तस्राव होऊन मरतो. म्हणून इतरांना आमिषाचा संशय येत नाही. याचे मूळ व्हीकेओआरसी-१ या जनुकात आहे. या जनुकापासून तयार होणारे प्रथिन, रक्त गोठण्याच्या कामी खर्ची पडलेले ‘के’ जीवनसत्त्व पुन्हा वापरण्याजोगे करते. औषध नेमके हेच काम बंद पाडते.

काही उंदरांच्या या जनुकात लहानसा बदल असतो. त्यांना औषध कमी बाधते. बाकीचे मरतात, हे उरतात आणि त्यांचीच पिलावळ वाढते. आपण बियाणे निवडतो, तशीच ही निवड. फक्त नकळत केलेली. वॉरफॅरिनला न जुमानणारे उंदीर १९५८ साली स्कॉटलंडमध्ये आढळले. त्यामागचे जनुक २००४ साली सापडले.

हेच जनुक माणसातही आहे. म्हणूनच रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत यासाठी रुग्णांना वॉरफॅरिन देतात. जनुकातील फरकामुळे कोणाला मात्रा कमी लागते, कोणाला जास्त. त्यासाठी डॉक्टर वरचेवर रक्त तपासतात. या जनुकात मोठा दोष असल्यास लहानपणापासून रक्तस्रावाचा विकार होतो.

तेव्हा हे ध्यानात ठेवा :

१) आमिष अर्धवट टाकू नका. खाणे थांबेपर्यंत पुरवा, मग उरलेले गोळा करा.
२) एकाच औषधावर विसंबू नका. बांध अरुंद व तणमुक्त ठेवा, बिळे बुजवा, सापळे लावा.
३) साऱ्या गावाने मोहीम एकाच वेळी राबवा.
४) मेलेले उंदीर खोल पुरा, ते खाऊन घुबडे मरतात.
५) मुलाच्या पोटात आमिष गेल्यास त्रास दिसण्याची वाट पाहू नका. पाकीट घेऊन तत्काळ दवाखाना गाठा. या औषधावर ‘के-१’ जीवनसत्त्व हा उतारा आहे. झिंक फॉस्फाईडवर मात्र असा उतारा नाही.

औषध जपून वापराल, तर ते पुढेही उपयोगी पडेल.