जुन्या आवृत्तीचा निरोप



ग्रंथाची नवी आवृत्ती निघाली म्हणून कपाटातील जुनी निकामी होत नाही. संगणकाच्या सॉफ्टवेअरचे मात्र तसे नव्हे. त्यात नित्य नव्या फटी सापडतात आणि त्या बुजविणारा पाठीशी असेल तोवरच ते निर्धास्तपणे वापरता येते. हा सांभाळ केव्हा थांबवावा, हा प्रश्न म्हणूनच केवळ तंत्रज्ञांचा नाही.

मायक्रोसॉफ्टचे ‘विंडोज एक्सपी’ २००१ साली आले. त्याचा सांभाळ ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. तारीख आगाऊ जाहीर होती, तरी असंख्य यंत्रे त्यावरच चालत राहिली. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने ब्रिटनमधील रुग्णालयांचे काम अडविले, तेव्हा कंपनीला त्या निवृत्त आवृत्तीसाठीही दुरुस्ती काढावी लागली. आपल्याकडे एटीएम यंत्रांतील अशा जुन्या प्रणाली बदलण्यासाठी रिझर्व्ह बँकेने जून २०१८ मध्ये बँकांना मुदती घालून दिल्या.

मग सांभाळ थांबवूच नये काय? तसेही नाही. जुन्या घराची डागडुजी आणि नव्याची बांधणी एकाच गवंड्यांच्या हातची असते. प्रत्येक दुरुस्ती जुन्या आवृत्तीतही करून पाहावी, तपासावी लागते. तेवढे नवे काम रखडते.

‘पायथन’ या संगणकभाषेच्या कर्त्यांनी दुसऱ्या आवृत्तीची अखेर २०१५ साली ठरविली होती. लोकांची तयारी नाही हे पाहून २०१४ मध्ये त्यांनी ती २०२० पर्यंत पुढे नेली; मग मात्र ती पाळली. अभ्यासक्रम बदलला की आम्ही शिक्षकही जुन्या विद्यार्थ्यांसाठी जुन्या प्रश्नपत्रिका काही काळ काढतो. पण किती काळ, हे आधीच सांगतो.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’चा नियमित सांभाळ संपला. घरगुती ग्राहकांना सुरक्षेच्या दुरुस्त्यांसाठी आणखी वर्षभराची सोय देण्यात आली. तथापि धडधाकट असूनही कित्येक संगणक पुढील आवृत्तीच्या अटींत बसत नाहीत. त्यांच्या मालकांना ‘नवे यंत्र घ्या’ एवढेच सांगणे म्हणजे आपला खर्च त्यांच्या माथी मारणे होय.

तात्पर्य, आवृत्तीचे वय मोजून निरोपाची तारीख ठरत नाही. मागे राहिलेल्यांना परवडणारी वाट आहे काय, हे पाहून ती ठरवावी, वेळेवर सांगावी आणि सांगितल्यावर पाळावी.