हिशेब बांधावर परत न्या

आज पदवी घेणाऱ्या माझ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,



शेतीव्यवसायाचं शिक्षण तुम्ही मुळशीत घेतलंत, ही साधी गोष्ट नाही. या तालुक्याच्या एका टोकाला ताम्हिणीचा घाट आहे, दुसऱ्या टोकाला हिंजवडीचं आयटी पार्क, आणि मधल्या खोऱ्यात भाताची खाचरं. 1921 साली इथल्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तो याच खाचरांसाठी. धरण झालं, गावं बुडाली. उरलेली जमीन आज गुंठ्यागुंठ्यानं विकली जाते आहे, आणि विकणारा कारण सांगतो, 'भात परवडत नाही.' किती परवडत नाही, कोणत्या कामात परवडत नाही, शेजाऱ्याला परवडतो तर मला का नाही, याचं उत्तर मात्र फार थोड्या घरांत मिळतं. ते शोधून देणं हे तुमचं काम आहे. आज मला एवढंच सांगायचं आहे.

या कामाची परंपरा पुण्याला जुनी आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी सहकाऱ्यांना घेऊन पिंपळे सौदागर गावाची पाहणी केली आणि 1917 मध्ये ती प्रसिद्ध केली. त्यांनी कुटुंबागणिक उत्पन्न, खर्च आणि कर्ज मांडलं. नुसत्या शेतीवर कोण तगतो, बाहेरच्या कमाईच्या आधारानं कोण तगतो आणि कोणाचं कशानंच भागत नाही, अशी घरांची वर्गवारी केली. 1771 मध्ये तिथं सरासरी 40 एकर असलेली जमीनधारणा 1915 च्या सुमारास 7 एकरांवर आल्याचं त्यांनी दाखवलं. ती घसरण पुढेही थांबली नाही. महाराष्ट्राची सरासरी जमीनधारणा 1970-71 मध्ये 4.28 हेक्टर होती, 2015-16 मध्ये ती 1.34 हेक्टर झाली. जमीन वाढणार नाही. म्हणून आहे त्या जमिनीचा हिशेब चोख हवा.

हिशेब आपण ठेवत नाही असंही नाही. 1965 मध्ये दिल्लीत कृषी मूल्य आयोग स्थापन झाला. 1970-71 पासून देशभर पिकांच्या उत्पादन खर्चाची पाहणी होते आणि महाराष्ट्रात ती राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ करतं. बियाणं, खत, मजुरी, औत, सगळं नोंदलं जातं. हे आकडे वर जातात आणि हमीभावाच्या शिफारशीला आधार देतात. ते काम मोलाचं आहे. पण ज्याच्याकडून हे आकडे घेतले जातात, त्या शेतकऱ्याला त्याच्या शेताबद्दल सल्ला देणं हा त्या योजनेचा हेतू नाही. इंग्लंडमध्ये अशा पाहणीत सामील होणाऱ्या शेतकऱ्याला त्याच्या शेताचा ताळेबंद, सारख्या शेतांशी तुलना करून, परत मिळतो. उद्योगजगत याला बेंचमार्किंग म्हणतं. आपल्याकडे आकडे वर पोहोचवण्याची सोय झाली, ते बांधावर परत आणण्याची सोय तुम्हाला करायची आहे.

एक उदाहरण मांडून पाहू. समजा, दोन शेजारी आहेत. दोघांचा एकेक एकर इंद्रायणी भात. पहिल्याला 18 क्विंटल भात झाला, दुसऱ्याला 16. पारावर नाव पहिल्याचं निघणार. आता वही उघडू. पहिल्याचा घरच्या मजुरीसह खर्च 36,000 रुपये, म्हणजे क्विंटलला 2,000. दुसऱ्याचा 24,000, म्हणजे क्विंटलला 1,500. दोघांनाही 2,500 चा भाव मिळाला असं धरलं, तर पहिल्याच्या हाती 9,000 उरले आणि दुसऱ्याच्या 16,000. दोन क्विंटल कमी पिकवून दुसरा 7,000 रुपयांनी पुढे आहे. आपल्या पीक स्पर्धाही उताऱ्यावर बक्षीस देतात. उताऱ्याचं कौतुक जरूर व्हावं, पण संसार चालतो तो शिलकीवर.

आता फरक कुठे पडला ते शोधायचं. कदाचित पहिल्यानं वाहत्या पाण्यात युरिया फोकला आणि त्यातला बराचसा पाण्यासोबत आणि हवेत गेला. दुसऱ्यानं डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीनं चार चुडांच्या मधोमध 2.7 ग्रॅमची ब्रिकेट हातानं खोल खोचली. हेक्टरी 62,500 ब्रिकेट म्हणजे सुमारे 170 किलो खत, आणि ते मुळाशी राहतं. किंवा दुसऱ्यानं नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांचं सगुणा तंत्र वापरलं असेल. त्यात गादीवाफ्यावर थेट टोकणी होते, चिखलणी आणि आवणी दोन्ही वाचतात. तंत्र आपल्या घरापासून हाकेच्या अंतरावर असतं. ते आपल्याला किती पैसे वाचवून देईल, हे शेजाऱ्याच्या वहीशेजारी आपली वही ठेवल्यावरच पटतं.

तुलना करताना काही पथ्यं पाळा. सारख्याची सारख्याशीच तुलना करा. ताम्हिणीच्या धो-धो पावसातलं खाचर आणि हिंजवडी-माणकडची जमीन एका तक्त्यात बसवू नका. एकाच पिकाचे वाण ताडून पाहतानाही सावध राहा. आंबेमोहोराचा उतारा मुळातच कमी. नुसता उतारा पाहिला तर 1987 मध्ये वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आलेल्या इंद्रायणीपुढे तो दर वेळी हरेल. भात विकला की तो भरडून तांदूळ थेट पुण्याच्या गिऱ्हाइकाला दिला, भरडताना कणी किती झाली, हेही त्याच पानावर यायला हवं.

दुसरं पथ्य मला फार महत्त्वाचं वाटतं. आवणीला दिवसभर चिखलात वाकून उभी राहणारी घरची बाई बहुतेक हिशेबांत शून्य रुपयांची असते. कृषी मूल्य आयोगसुद्धा प्रत्यक्ष खर्चात घरच्या माणसांची मजुरी मिळवून वेगळा आकडा काढतो. तुमच्या वहीत तिच्या कष्टाचा रकाना पहिल्या पानावर असू द्या. तिची मजुरी धरल्यावर जो नफा नाहीसा होतो, तो नफा नव्हताच.

तिसरं पथ्य जमिनीच्या हिशेबाचं. 2015 मध्ये मृदा आरोग्य पत्रिका आली, तिच्यात 12 घटक असतात. त्यातला सेंद्रिय कर्ब दर दोन-तीन वर्षांनी शिलकीशेजारी लिहा. पैसे वाढत असतील आणि कर्ब घटत असेल, तर आपण मुद्दल खातो आहोत. पाण्याचंही तेच. हिवरे बाजारची ग्रामसभा पडलेला पाऊस आणि लागणारं पाणी यांचा ताळेबंद सगळ्यांसमोर मांडून पिकं ठरवते. आकडे चारचौघांत आले की गाव शहाणं निर्णय घेतं, याचा तो चालता-बोलता पुरावा आहे.

पण चारचौघांत आकडे यायला आधी विश्वास लागतो. तोट्याचा आकडा सांगणं म्हणजे घरातलं दुखणं उघडं करणं. त्या आकड्यामागे आजारपण असेल, सावकाराचं व्याज असेल. म्हणून शेतकऱ्यांचा गट तयार होईपर्यंत नावं झाकून ठेवा, आणि कोणाच्या वहीचं हसं होऊ देऊ नका. या मातीत आवणीसाठी एकमेकांकडे सावडीनं जायची रीत आहे. ज्यांनी कष्ट वाटून घेतले, ते हिशेबही वाटून घेतील, असा माझा विश्वास आहे.

बाजारभाव पाडणं-चढवणं या वहीच्या हाती नाही, अवकाळी पाऊसही ती थांबवणार नाही. पण जे शेतकऱ्याच्या हातात आहे, ते त्याला स्पष्ट दिसेल. आपला खर्च पुराव्यानिशी मांडणारा शेतकरी बँकेत, बाजार समितीत आणि सरकारदरबारी ताठ मानेनं बोलू शकेल.

तुमच्यापैकी कोणी बँकेत जाल, कोणी खत कंपनीत, कोणी शेतकरी उत्पादक कंपनीत, कोणी घरच्या शेतात. कुठेही असा, येत्या खरिपात एक गाव धरा. सारख्या जमिनीची दहा घरं निवडा. राबाच्या भाजणीपासून मळणीपर्यंत नोंदी ठेवा. दिवाळीनंतर ती दहा माणसं, त्यांच्या घरच्या बायांसह, एकत्र बसवा आणि त्यांचे आकडे त्यांच्यापुढे मांडा. पुढच्या वर्षी काय बदलायचं, ते त्यांनाच ठरवू द्या. पदवीनं तुम्हाला हिशेब वाचायला शिकवलं आहे. ही विद्या शेतकऱ्याच्या उपयोगी पडली, तर आजचा दीक्षान्त समारंभ खऱ्या अर्थानं पूर्ण होईल.