शेगडी दाराबाहेर

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत केलेलं भाषण)



हप्त्यांचा विषय झाला, आता पाच मिनिटं थंडीवर बोलू द्या. आपल्या निफाड भागात पारा 5 अंशांच्या खाली गेला की आपण द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटवतो, बागेला पाणी देतो. घडांची एवढी काळजी घेतो, मग घरातल्या माणसांचं काय?

तीन वर्षांपूर्वी माझी सून बाळंत होऊन घरी आली. पौषातली थंडी. मी बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवली, खिडकीला गोणपाट लावलं, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या. सासूबाईंनी माझ्या वेळी असंच केलं होतं. पण तेव्हा घर कौलारू होतं, हवा खेळायची. आता वर स्लॅब आहे, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

पहाटे बाळ रडलं नाही म्हणून मी आत गेले. सून ओकत होती. "आई, डोकं फुटतंय," म्हणाली. बाळ मलूल पडलेलं. दार उघडून दोघांना ओसरीवर आणलं, 108 ला फोन लावला. दवाखान्यात ऑक्सिजन दिला आणि दोघं वाचली. आजही ती पहाट आठवली की माझे हात कापतात.

डॉक्टरांनी सांगितलं, निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, असं आपण समजतो, तिथंच चुकतो. झोपलेल्या माणसाला कळतही नाही.

म्हणून बायांनो, एवढं करा:

• झोपायच्या खोलीत शेगडी, घमेलं, निखारे ठेवू नका. शेकायचं तर बाहेर, आणि झोपण्याआधी विस्तव पाणी टाकून विझवा.

• बाळाला उघड्या अंगानं आईच्या छातीशी धरा, वरून गोधडी घ्या. टोपडं, पायमोजे घाला. जन्मल्यावर पहिला दिवस अंघोळ नको.

• पाणी तापवायच्या रॉडचं बटण बंद करा, पिन काढा, मगच पाण्यात हात घाला. लेकरांना जवळ फिरकू देऊ नका.

• गॅस गिझर असेल तर न्हाणीची खिडकी उघडी ठेवा.

• शेकोटीपाशी पदर खोचून बसा. कडब्याच्या गंजीजवळ जाळ नको.

• म्हाताऱ्या माणसांना पहाटे गारठ्यात बाहेर पाठवू नका. थंडीत बीपी वाढतो, गोळ्या चुकवू देऊ नका.

• शेळ्या-करडांना कोरडी जागा द्या, वाऱ्याच्या बाजूनं गोणपाट बांधा.

डोकं दुखतंय, गरगरतंय, मळमळतंय आणि खोलीत विस्तव आहे, तर चहा करत बसू नका. आधी सगळ्यांना बाहेर काढा, मग 108 ला फोन करा.

आणखी एक मागणं आहे. प्रत्येक गटानं आशाताईंना विचारून आपल्या वस्तीतल्या बाळंतिणी आणि एकट्या राहणाऱ्या आजींची यादी करावी. संध्याकाळी एक चक्कर मारावी. कुणाकडे पांघरूण नसेल तर गटातून छोटं कर्ज देता येतं, नाहीतर चार जुन्या साड्यांची गोधडी आपण मिळून शिवू.

माझी चूक मी चारचौघींत सांगितली. लाज वाटली, पण तुमच्या घरात ती व्हायला नको. आज घरी गेल्यावर आधी शेगडी बाहेर काढा.