बॅगेतल्या वीस वह्या

(सामुदायिक रेडिओवर दिलेल्या भाषणाचा मजकूर)

मैत्रिणींनो, कोणी चुलीवर भाजी ठेवून ऐकत असाल, कोणी शेतातून येऊन नुकत्याच टेकला असाल, कोणी गटाच्या बैठकीत मध्ये रेडिओ ठेवून बसला असाल.

आज आधी एक कबुली देते. गेल्या महिन्यात समन्वयक म्हणून मी एका गटाच्या बैठकीला गेले होते. हजेरी झाली, बचत गोळा झाली, परतफेड झाली आणि अंतर्गत कर्जाची मागणी निघाली. एका ताईंनी पंधरा हजार रुपये मागितले. कशासाठी, तर मुलीला जुना लॅपटॉप घ्यायचाय. मुलगी तालुक्याला बीसीएस करते. कॉलेजातल्या कॉम्प्युटरवर आठवड्यातून दोनदा हात लावायला मिळतो, घरी सराव कशावर करणार?

सगळ्या गप्प. मग एकजण म्हणाली, "शेळीला देऊ, शिलाई मशीनला देऊ. लॅपटॉप काय दूध देतो का?" सगळ्या हसल्या. आणि मैत्रिणींनो, मीही हसले. मागणी पुढच्या बैठकीवर ढकलली. त्या ताई मात्र हसल्या नव्हत्या. त्यांनी पदर सावरला आणि पासबुक पिशवीत ठेवलं.

घरी येऊन मी नेहमीप्रमाणे बैठकीचा फोटो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकला आणि टाकता टाकताच थांबले. बैठकीचा निरोप ह्याच्यावर, हप्त्याची आठवण ह्याच्यावर, पापडाची ऑर्डर ह्याच्यावर. हे कोणीतरी कॉम्प्युटरपुढे बसूनच बनवलं असेल ना? कोणी बनवलं, ते मी शोधून शोधून वाचलं. आज त्याचीच गोष्ट सांगते. त्याच्याइतकीच ती त्याच्या आईची आहे.

त्याचं नाव जॅन कूम. जन्म २४ फेब्रुवारी १९७६ चा, युक्रेन देशातला. तेव्हा युक्रेन सोव्हिएत संघात होता. कीव्ह ह्या मोठ्या शहराबाहेरच्या एका लहान गावात तो वाढला. वडील बांधकामावर व्यवस्थापक, आई घर सांभाळायची. घरात गरम पाणी नाही, आणि तिथली थंडी तर शून्याच्या खाली वीस अंश. शाळेच्या इमारतीत संडास नव्हता, पोरांना त्या थंडीत बाहेर जावं लागायचं. आपल्यातल्या कितीजणींच्या मुली शाळेत संडास नाही म्हणून घरी बसल्या, ते तुम्हीच आठवा.

अजून एक गोष्ट त्याने पुढे स्वतः लिहून ठेवली आहे. त्याची आई फोनवर बोलताना नेहमी म्हणायची, हे फोनवर बोलायचं नाही, भेटल्यावर सांगते. कारण सरकार चोरून ऐकतं अशी भीती होती. आपल्यालाही हे वाक्य ओळखीचं आहे. माहेरचा फोन आला आणि घरात सगळे बसलेले असले, की आपणही म्हणतोच ना, "भेटल्यावर बोलू."

हे कुटुंब ज्यू. त्या काळात तिथे ज्यू लोकांबद्दल द्वेष वाढत होता, राजकारणही अस्थिर होतं. १९९२ साली आई सोळा वर्षांच्या जॅनला घेऊन अमेरिकेत आली. आजीही बरोबर होती. वडील मागून यायचे होते, ते कधीच येऊ शकले नाहीत. १९९७ साली ते तिकडेच वारले.

निघताना आईने बॅगेत काय भरलं असेल? पेनं आणि वीस कोऱ्या वह्या. परक्या देशात शाळेचं सामान महाग असेल, तिथे पैसे कुठून आणायचे, म्हणून जुन्या देशातल्या वह्या. नवीन ठिकाणी जाताना आपण भांडी बांधतो, धान्य बांधतो. ह्या बाईने पोराच्या वह्या बांधल्या.

कॅलिफोर्निया राज्यात माउंटन व्ह्यू नावाचं गाव आहे. तिथे सरकारी मदतीतून दोन खोल्यांचं लहान घर मिळालं. आई लोकांची मुलं सांभाळू लागली. मुलगा किराणा दुकानात झाडलोट करायचा. आपल्याकडे जसं रेशन, तशी तिकडे तेव्हा गरिबांना शिध्याची सरकारी कुपनं मिळायची. ती घ्यायला हे मायलेक सरकारी कार्यालयात रांगेत उभे राहायचे. पुढे आईला कॅन्सर झाला आणि तिला मिळणाऱ्या सरकारी भत्त्यावर घर चालू लागलं.

शाळेत जॅन काही फार सरळ मुलगा नव्हता. पण कॉम्प्युटरचा नाद लागला. शिकवणी लावायला पैसे नव्हते. मग त्याने काय करावं? जुन्या पुस्तकांच्या दुकानातून कॉम्प्युटरची जाड पुस्तकं विकत आणायची, वाचून काढायची आणि दुकानात परत करायची. अठरा वर्षांचा होईपर्यंत एक कॉम्प्युटर दुसऱ्याशी कसा जोडतात, ते तो असा आपला आपण शिकला.

सॉफ्टवेअरचं काम म्हणजे नेमकं काय, असं मला गटातल्या बायका विचारतात. कॉम्प्युटरला स्वतःची अक्कल नसते. त्याला पहिली पायरी ही, दुसरी ही, असं झालं तर हे कर, तसं झालं तर ते कर, असं लिहून द्यावं लागतं. त्यात एक खूण चुकली तरी काम अडतं. आपल्या कर्ज रजिस्टरात एक आकडा चुकला की महिनाअखेर बेरीज लागत नाही. मग आपण एकेक पान मागे जात चूक शोधतो. त्यांचं निम्मं काम असंच चुका शोधण्याचं असतं. चिकाटी लागते आणि हाताशी कॉम्प्युटर लागतो.

जॅन कॉलेजात गेला. शिकता शिकता एका मोठ्या हिशेब तपासणाऱ्या कंपनीत कामही करायचा. कॉम्प्युटर कुठून फोडता येईल, कुठे कच्चा आहे, ते तपासायचं काम. तिथून १९९७ च्या सुमारास याहू कंपनीची ओळख झाली, तिथे नोकरी लागली. ब्रायन ॲक्टन नावाचा मित्रही तिथेच भेटला. नोकरीच्या दुसऱ्या आठवड्यात कंपनीचा एक कॉम्प्युटर बंद पडला. मालकाचा फोन आला तेव्हा हा वर्गात बसला होता. वर्ग सोड आणि ये, असं मालकाने सांगितलं. पुढे त्याने कॉलेजच सोडलं.

इथे मी जरा थांबते, कारण हे वाक्य घरोघरी चुकीचं ऐकलं जाईल. "बघ, एवढ्या मोठ्या माणसाने कॉलेज सोडलं, मग आपल्या पोरीला शिकवून काय करायचं?" तायांनो, त्याने कॉलेज सोडलं तेव्हा हातात पक्की नोकरी होती, डोक्यात अनेक वर्षांचा अभ्यास होता. कोणी त्याला लग्नासाठी कॉलेजातून काढलं नव्हतं. मी स्वतः बीए केलं ते दोन वर्षं घरी बसल्यानंतर, बाहेरून परीक्षा देऊन. कॉलेज आपण सोडणं आणि ते आपल्याकडून सुटणं, ह्यातला फरक मला विचारा.

२००० साली त्याची आई गेली. आता त्या देशात त्याला मायबाप कोणी उरलं नाही. तेव्हा ब्रायनने त्याला धरून ठेवलं, घरी बोलावलं, खेळायला नेलं. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो, कारण हीच मैत्री पुढे कामाला आली.

नऊ वर्षं नोकरी करून २००७ साली दोघांनीही ती सोडली. वर्षभर फिरले. मग दोघांनी फेसबुक कंपनीत नोकरीसाठी अर्ज केले. दोघांनाही नकार आला. जॅन साठवलेल्या पैशावर दिवस काढत होता, आणि साठवलेला पैसा कसा झरतो ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

२००९ च्या जानेवारीत त्याने नवा मोबाइल घेतला आणि त्याच्या डोक्यात एक साधी गोष्ट आली. आपल्या फोनमध्ये जी नावं आहेत, त्यांच्यापुढे तो माणूस आत्ता काय करतोय ते दिसलं तर? कामात आहे, फोनचं चार्जिंग संपत आलंय, असं काही. त्याच वर्षी २४ फेब्रुवारीला, आपल्या वाढदिवशी, त्याने कंपनीची नोंदणी केली. नाव व्हॉट्सॲप.

आणि चाललं नाही. सारखं बंद पडायचं, अडकायचं. ओळखीतल्या मोजक्या लोकांनीच ते घेतलं होतं. वैतागून तो ब्रायनला म्हणाला, मी आता दुसरी नोकरी बघतो. ब्रायनने त्याला सुनावलं, आता सोडलंस तर मूर्ख ठरशील, अजून थोडे महिने दे.

तेवढ्या थोड्या महिन्यांत फरक पडला. जून महिन्यात त्या मोबाइलच्या कंपनीने नवी सोय आणली. फोन बाजूला पडलेला असला तरी निरोप आल्याची खूण होऊ लागली, आपण ऐकतो तो 'टुंग' आवाज. मग लोक आपल्या नावापुढे गमतीने काहीबाही लिहू लागले, मित्रांना ते लगेच कळू लागलं, तेही उत्तर म्हणून काही लिहू लागले. बनवायला गेला होता पाटी आणि लोकांनी केला गप्पांचा ओटा. हे त्याने ओळखलं आणि सगळं पुन्हा निरोपांसाठी बांधून काढलं. ऑक्टोबरमध्ये ब्रायनने पाच जुन्या सहकाऱ्यांकडून अडीच लाख डॉलर उभे केले आणि तोही कामाला लागला. ओळखीच्यांनी विश्वासावर पैसे घालणं म्हणजे काय, ते बचत गटाच्या बाईला कळतं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. ह्यात वेगळं खातं, वेगळं नाव लागत नाही, आपला मोबाइल नंबर हीच ओळख. २०१३ साली बोलून निरोप पाठवायची सोय आली. आमच्या गटात सही सोडून काही लिहिता न येणाऱ्या एक आजी आहेत. त्या बटण दाबून सांगतात, "मी उद्या येत न्हाई गं, गुडघा धरलाय." २०१६ पासून निरोप असा गुंडाळून जातो की पाठवणारा आणि घेणारा सोडून मध्ये कंपनीलाही तो वाचता येत नाही. 'भेटल्यावर सांगते' म्हणणाऱ्या आईचा मुलगा तो. त्याला ह्याची किंमत माहीत होती.

२०१४ साली, ज्या फेसबुकने नोकरी नाकारली होती, तिनेच ही कंपनी १९०० कोटी डॉलरला घेण्याचं ठरवलं. आपल्या पैशात तेव्हाच्या दराने एक लाख कोटी रुपयांहून जास्त. तेव्हा कंपनीत माणसं होती फक्त पंचावन्न. कागदावर सही करायला जॅन एका बंद पडलेल्या जुन्या इमारतीपाशी गेला आणि तिच्या दाराशी त्याने सही केली. ते होतं पूर्वीचं सरकारी मदतीचं कार्यालय, जिथे तो शिध्याच्या कुपनांसाठी रांगेत उभा राहायचा. २०१८ साली त्याने हीही कंपनी सोडली. ब्रायन त्याआधीच बाहेर पडला होता.

आई हे काहीच बघायला नव्हती. त्याच्या व्हॉट्सॲपवरचा एकही निरोप तिला कधी आला नाही.

मैत्रिणींनो, उद्या प्रत्येक लॅपटॉपमधून कोटी रुपये निघतील असं मी म्हणत नाही. तसं सांगणारा माणूस आला तर त्याला दारातूनच परत पाठवा. त्या ताईंची मुलगी तालुक्याला बँकेत, दवाखान्यात, नाहीतर पुण्यात एखाद्या कंपनीत कामाला लागली तरी पंधरा हजारांचं कर्ज फिटून वर घर उभं राहील. कदाचित नाही लागणार, तेही होऊ शकतं. पण शेळीही कधी मरतेच की. म्हणून आपण शेळीला कर्ज द्यायचं थांबवत नाही. हप्ते ठरवतो, लक्ष ठेवतो, अडचण आली तर सवलत देतो.

गेल्या बैठकीत ती बाई आपल्या मुलीच्या वीस वह्याच मागत होती. मला ते ऐकूच आलं नाही. लॅपटॉप दूध देत नाही, खरं आहे. वह्याही देत नाहीत.

येत्या सोमवारी त्या गटाची बैठक आहे. कर्ज द्यायचं की नाही, ते गटच ठरवेल, मी समन्वयक आहे, मालकीण नाही. पण ह्या वेळी मी हसणार नाही. आधी त्या ताईंची माफी मागेन आणि तो विषय सगळ्यांत आधी घ्या म्हणेन. दरमहा हजाराचा हप्ता धरला तर मुद्दल पंधरा महिन्यांत फिटतं, व्याज गटाच्या नियमाप्रमाणे, हा हिशेबही मांडेन.

तुमच्याकडेही एक काम देते. पुढच्या बैठकीत कर्ज रजिस्टर काढा. गेल्या वर्षात आजारपणाला किती दिलं, लग्नाला किती, जनावराला किती आणि मुलीच्या शिक्षणाला किती, चारही आकडे एका कागदावर लिहा. कोणी काही बोलू नका, नुसते आकडे वाचून दाखवा. मग काय चर्चा होते ती मला कळवा. व्हॉट्सॲपवर बोलून कळवलंत तरी चालेल.

येते मी. नमस्कार.