न्हाणीघरातील चाकांची खुर्ची
(समाजाच्या वार्षिक संमेलनात ज्येष्ठांच्या बैठकीत दिलेले भाषण)



‘ज्येष्ठांच्या बैठकीत काही उपयुक्त बोला’ अशी आज्ञा चिटणीसांनी मला केली, तेव्हा पाठांतराचे महत्त्व किंवा आमच्या वेळची शाळा असा एखादा विषय त्यांच्या मनात असावा. मी विषय सांगितला तसे ते क्षणभर घुटमळले आणि म्हणाले, “गुरुजी, हा विषय जेवणाआधी घ्यावयाचा का?” मी म्हटले, जेवणानंतर घ्या, पण घ्या. अंथरुणास खिळलेल्या किंवा पायांतील बळ गेलेल्या माणसाने स्नान कसे करावे, शौचास कसे जावे, आणि त्यासाठी मिळणारी चाकांची खुर्ची कशी निवडावी, एवढाच आजचा विषय. मी मॅट्रिक झालो आणि शिक्षकी पेशात शिरलो. वैद्यकात मला अधिकार नाही. परंतु एक खुर्ची चुकून आणि दुसरी शिकून घेतलेला माणूस या नात्याने मी बोलत आहे.

सन २०१९ च्या आषाढात आमच्या मातोश्रींना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. वय त्या वेळी चौऱ्याऐंशी. रुग्णालयातून घरी आणताना एका दुकानातून चित्र पाहून मी खुर्ची घेतली. चकचकीत मुलाम्याची, मागे मोठी चाके, रेक्झिनची गादी आणि गादीखाली भांडे. ती ओसरीवर आली तेव्हा शेजारीपाजारी पाहावयास आले. संध्याकाळी मातोश्रींना तीत बसवून न्हाणीघरापाशी नेले आणि दारातच गाडी अडली. खुर्ची सव्वीस इंच रुंद. आणि दार उघडल्यावर मोकळी जागा अवघी साडेबावीस इंच! छत्तीस वर्षे मुलांना लांबी-रुंदीची उदाहरणे घातलेल्या माझ्यासारख्या माणसाने घरातले एक दार मोजले नव्हते. पुढे त्या खुर्चीवर वर्तमानपत्रांची रद्दी साठू लागली. मुलामा पावसाळ्यातच फुगला आणि त्याखालून गंज दिसू लागला.

मग आम्ही करीत होतो तेच करीत राहिलो. मी एका बाजूने, आमचे कुटुंब दुसऱ्या बाजूने, काखेत हात घालून मातोश्रींना प्लास्टिकच्या स्टुलावर नेऊन बसवावयाचे. एकदा साबणाच्या पाण्यावरून स्टूल सरकले. दैव बलवत्तर म्हणून भिंतीचा आधार मिळाला. त्या दिवसापासून पलंगावरच ओल्या फडक्याने अंग पुसणे सुरू झाले. मातोश्रींच्या लेखी पुसणे म्हणजे स्नान नव्हे. आणि स्नानावाचून देवापुढे हात जोडणे त्यांना पटेना. त्या काही बोलल्या नाहीत.

श्रावणात त्यांना ताप भरला. लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग झाला होता. डॉक्टरांनी विचारले, “आजी दिवसाला पाणी किती पितात?” आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. रात्री मी उशाशी बसून विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “दादा, पाणी प्यालं की उठावं लागतं, आणि उठायचं म्हणजे तुम्हां दोघांना हाक. सूनबाई घरात नसली म्हणजे तुला कसं सांगू? म्हणून घोटभरच पिते रे.” बंधुभगिनींनो, ज्या माउलीने मला न्हाऊमाखू घातले, ती माझ्या लाजेने तहान मारीत होती, आणि आपण सेवा करीत आहो अशा समजुतीत मी होतो. आपल्या समाजातील किती घरांत वृद्ध मंडळी अशीच गुपचूप पाणी कमी करीत असतील, हा विचार त्या रात्रीपासून मला सोडीत नाही. हा विषय मी मागून घेतला तो याच कारणाने.

डॉक्टरांनी एका तरुण व्यवसायोपचारतज्ज्ञ बाईंना घरी पाठविले. ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणतात ते हेच. या विद्येचा आपल्या प्रांताशी जुना संबंध आहे: १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात कमलाबाई निंबकर यांनी तिचे शिक्षण देणारी शाळा काढली. आणि हाजीअलीजवळची अपंगांच्या पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था १९५५ सालची आहे. असो. त्या बाईंनी पिशवीतून प्रथम टेप काढली, आणि ती उलगडण्यापूर्वी मातोश्रींना प्रश्न केला, “आजी, तुम्हांला स्वतःच्या हातानं काय काय करावंसं वाटतं?” तोवर हे आम्ही कोणी विचारले नव्हते. मातोश्री म्हणाल्या, “दार लोटून घ्यावं, आणि तांब्यानं अंगावर पाणी मी घ्यावं.” आमची दुसरी खुर्ची या उत्तरावरून ठरली.

आता खुर्चीकडे वळतो. बाजारात साधारण तीन तऱ्हा आढळतात. पहिली, बिनचाकांची, पलंगाशेजारी ठेवावयाची, खाली भांडे असलेली. रात्रीपुरती ती उत्तम, पण ती माणसाला कोठे नेत नाही. दुसरी, चार लहान चाकांची, दुसऱ्याने ढकलावयाची. ती अरुंद असते, म्हणून आपल्याकडच्या न्हाणीघरांना बहुधा हीच मानवते. तिसरी, मागे मोठी चाके असलेली, बसणाऱ्याने स्वतः फिरवावयाची. ज्याचे दोन्ही हात धड आहेत, विशेषतः पाठीच्या कण्यास इजा झालेला तरुण, त्याने हीच घ्यावी. परंतु तिला रुंद दार आणि वळावयास प्रशस्त जागा लागते. ज्यांची मान व धड सावरत नाही त्यांच्यासाठी बैठकीसकट मागे कलणारी आणखी एक येते. ती मात्र तज्ज्ञाच्या सल्ल्यावाचून घेऊ नये.

खुर्चीपूर्वी घर मोजावे. दार मोजताना चौकट मोजू नये; दार उघडून ठेवावे आणि फळीपासून समोरच्या चौकटीपर्यंत जी मोकळी जागा उरते ती मोजावी. खुर्ची तिच्याहून निदान इंचभर तरी अरुंद हवी, नाहीतर ढकलणाऱ्याच्या बोटांची सालटी निघतात. नंतर उंबरा. आमच्या न्हाणीघराची जमीन बाहेरच्या जमिनीपेक्षा दीड इंच खाली आणि वर कडप्प्याची उभी पट्टी. लहान चाक तीवर चढत नाही, आणि जोराने रेटले तर बसलेला माणूस पुढे फेकला जातो. दर इंच उंचीस बारा इंच उतार हे प्रमाण धरतात. आम्ही पट्टी काढविली आणि गवंड्याकडून आत दीड फुटाचा उतार भरून घेतला. उतार आतल्या बाजूस असल्याने पाणी ओसरीवर येत नाही. गवंडी गुळगुळीत फरशी बसवावयास निघाला होता. तिला मी विरोध केला, हे माझ्या पदरी पडलेले थोडेसे शहाणपण.

त्यानंतर कमोड. पुष्कळांना ठाऊक नसते की चाकांची खुर्ची मागे मागे नेऊन सरळ कमोडवर उभी करता येते. मग भांडे लावावयास नको, उचलून बसविणेही नको. मात्र त्यासाठी कमोडवरची बैठक वर करून उंची मोजावी. आमची भरली साडेपंधरा इंच. खुर्चीच्या बैठकीखालची मोकळी उंची तिच्याहून अधिक पाहिजे, खालची आडवी दांडी कमोडला अडता कामा नये, आणि पाठीची मूठ किंवा मागची चाके टाकीला वा भिंतीला अगोदरच टेकता कामा नयेत. नाहीतर खुर्ची चार बोटे पुढे राहते आणि सारा खटाटोप व्यर्थ होतो. जुन्या पद्धतीचा जमिनीतला संडास असल्यास चाके पायठाण्यावर वा खळग्यात जाण्याचे भय असते. तेथे भांड्याचीच खुर्ची बरी.

पण खुर्ची उंच केली की पाय लोंबकळतात! मातोश्री ठेंगण्या, वीस इंच उंचीच्या बैठकीवर त्यांचे पाय जमिनीस लागत ना. पाय टेकले नाहीत तर मांडीच्या मागे रग लागते, माणूस घसरू लागतो, आणि कोठा साफ होण्यासही अडचण होते. म्हणून पाय ठेवावयाची पट्टी आपल्या मापाला बसविता येणारी आणि वर दुमडणारी घ्यावी. तिच्यावर उभे राहू मात्र कोणास देऊ नये. खुर्ची तत्काळ पुढे कलंडते. पलंगाची उंची आणि बैठकीची उंची सारखी असली की सरकणे सोपे जाते. आमचा पलंग दोन इंच कमी होता; सुताराने चार ठोकळे करून दिले. एका बाजूचा हात काढता किंवा फिरविता येत असेल तर माणसाला उचलावे न लागता सरकविता येते, आणि उचलणाऱ्याची कंबर वाचते. त्या तीन महिन्यांत आमच्या कुटुंबाने कमरेच्या दुखण्यासाठी दोनदा दवाखाना गाठला होता; त्याची नोंद मी घेतली नव्हती, हेही येथे कबूल करतो.

बैठकीच्या भोकाविषयी स्पष्टच बोलतो. आपल्याकडे पाण्याने धुण्याची रीत आहे, तेव्हा भोक पुढून किंवा बाजूने उघडे हवे, म्हणजे हात पोहोचतो. मातोश्रींचा डावा हात गेलेला. ज्या उजव्या हाताने जेवावयाचे, नैवेद्य दाखवावयाचा, त्याने धुवावयाचे कसे? हे दुःख कोणत्याही दुकानदाराला कळले नसते आणि मलाही कळले नव्हते. त्या बाईंनी त्यांच्या उजव्या हाताशी, भिंतीवर, लांब नळीचा फवारा बसवावयास सांगितले. पुढून उघड्या बैठकीमुळे त्याचे पाणी नेमके पोहोचे; शिवावे लागत नसे. चाळीस दिवसांनंतर प्रथमच मातोश्रींनी आम्हांला बाहेर जावयास सांगितले. आम्ही दार लोटून बाहेर उभे राहिलो, आणि आतून तांब्याचा आवाज येऊ लागला. आमच्या कुटुंबाने तेथेच डोळ्यांना पदर लावला.

धातूविषयी दोन शब्द. मुलाम्याचे लोखंड पाण्यात टिकत नाही. ॲल्युमिनियम हलके व गंजत नाही. स्टेनलेस स्टील जड पण चिवट. आम्ही स्टीलची घेतली. दुकानात चुंबक लावून पारखणारे गृहस्थ मी पाहिले आहेत. पण त्या परीक्षेवर फार विसंबू नये, सांधे आणि स्क्रू पाहावेत, कारण गंज तेथूनच धरतो. गादी शिवणीची नको, शिवणीतून पाणी शिरते आणि वास येतो. मात्र बैठक अगदी टणकही नको. कृश माणसाला किंवा ज्याच्या अंगाला बधिरता आहे त्याला भोकाच्या कडेने जखमा होतात. त्याला उगाच वेळ बसवून ठेवू नये, आणि उठविल्यावर कातडी लाल झाली आहे काय ते रोज पाहावे. अशा माणसास पाणी किती कढत आहे हेही कळत नाही; म्हणून प्रथम आपल्या हातावर घ्यावे, मग त्याच्या अंगावर. टाच चारही चाकांना असावी, आणि सरकण्याच्या प्रत्येक वेळी ती लावावी. कमरेचा पट्टा पुष्कळजण काढून ठेवतात. तो काढू नये.

खर्चाचे म्हणाल तर माझी पहिली खुर्ची सात हजारांस पडली आणि दुसरी साडेनऊ हजारांस. गवंडी, सुतार आणि नळवाला मिळून आणखी पाच हजार. पहिले सात हजार ही माझ्या घाईची फी. राज्य शासनाने २०२४ साली पासष्ट वर्षांवरील व अल्प उत्पन्नाच्या नागरिकांसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजना जाहीर केली. तीत अशा साधनांसाठी एकदाच तीन हजार रुपये ठरविले होते, आणि साधनांच्या यादीत कमोड खुर्चीही होती. तीन हजारांत सगळे होत नाही. परंतु योजना सध्या कशी चालू आहे याची चौकशी गरजूंनी समाजकल्याण कार्यालयात अवश्य करावी, त्यात कमीपणा नाही. आणि जे नवे घर बांधीत आहेत त्यांना माझी हात जोडून विनंती: केंद्र शासनाच्या २०२१ च्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक सूचनांत दाराची मोकळी रुंदी नऊशे मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ तीन फूट, सांगितली आहे. दिवाणखान्याच्या दाराला आपण साडेतीन फूट देतो आणि न्हाणीघराला दोन! तेथे सहा-सात इंच आज भिंतीतून घेतले तर पुढे छिन्नी-हातोडा लागणार नाही.

मंडळाच्या कार्यालयात लग्नकार्यासाठी पातेली आणि सतरंज्या आहेत; त्यांच्या शेजारी दोन-तीन अशा खुर्च्या असाव्यात, अशी सूचना मी कार्यकारिणीकडे लेखी दिली आहे. त्या निरनिराळ्या रुंदीच्या घ्याव्यात, आणि परत आल्यावर ब्लीचच्या पाण्याने धुऊन उन्हात ठेवण्याचे काम कोणाचे हे आधी ठरवावे. नाहीतर त्यांचीही रद्दीची मांडणी होईल.

मातोश्री २०२२ च्या कार्तिकात निवर्तल्या. शेवटच्या आठवड्यापर्यंत त्यांचे स्नान त्या खुर्चीवर झाले, आणि पाणी त्या तांब्याभर पीत. खुर्ची धुऊन पुसून माझ्या ओसरीवर ठेवली आहे, आणि पहिली आता ती म्हणून मी मंडळास देत आहे. तिची मापे लिहून घ्या: एकूण रुंदी एकवीस इंच, बैठक जमिनीपासून वीस इंच, बैठकीखालची मोकळी उंची सतरा इंच, उजवा हात निघतो, पुढून उघडी. ज्यांना ती हवी असेल त्यांनी घरचे दार मोजून यावे, आणि ज्यांच्यासाठी हवी त्यांना विचारून यावे.