सारसाची अनामत

दुर्मीळ पक्षी पाहायचा तर घनदाट जंगलात जावे लागते, असे आपल्याला वाटते. गोंदिया जिल्ह्यातला सारस मात्र शेतकऱ्याच्या धानाच्या बांधीत राहतो.

गेल्या पावसाळ्यात काही पक्षिमित्रांबरोबर मी परसवाडा तलावाकडे गेलो होतो. धुऱ्यावरून चिखल तुडवत जाताना समोर जोडी दिसली. राखी अंग, लालभडक डोके आणि उंची जवळजवळ माणसाएवढी. उडणाऱ्या पक्ष्यांत जगातला सर्वांत उंच पक्षी हाच. नराने चोच आभाळाकडे करून साद घातली आणि मादीने ती लगेच उचलली, मिसऱ्याला मिसरा जुळावा तशी.

पलीकडच्या बांधीत त्यांचे घरटे होते. गवत आणि धानाची रोपे उपटून पाण्यात रचलेला ढीग आणि त्यावर दोन अंडी. महिनाभर नर-मादी ती आळीपाळीने उबवतात. मी शेतमालकाला विचारले, "भाऊ, नुकसान नाही का होत?" तो म्हणाला, "दोन-चार पायल्या धान जाईल त जाईल जी. लेकरंबाळं त त्याईलेबी आहेत."

या उत्तराची किंमत मोठी आहे. मारुती चितमपल्लींनी ज्या नवेगावबांधावर पक्षी न्याहाळले, तिथले सारस दिसेनासे झाले. दर जूनमध्ये 'सेवा' संस्थेचे कार्यकर्ते वनविभागाबरोबर सारस मोजतात. 2021 पासून जिल्ह्यातला आकडा चाळिशीच्या आतच राहिला आहे. शेतात फवारलेली विषारी औषधे, आटणारे तलाव आणि शेतावरून गेलेल्या विजेच्या तारा यांनी त्यांचा घात केला. 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली.

न्यायालय आदेश देऊ शकते, तारांवर आवरण चढवता येते. पण घरट्याभोवतीचे धान उभे ठेवायचे की नाही, हे शेवटी त्या शेतकऱ्यानेच ठरवायचे असते. त्याचे नुकसान त्याने एकट्याने का सोसावे? ते भरून देणे आपणा सर्वांचे काम आहे.

आमच्या घरात 'अमानत' म्हणतात, मराठीत त्याचेच 'अनामत' झाले. दुसऱ्याने विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू. ती वापरायची नसते, जशीच्या तशी परत करायची असते. सारस ही आपल्याकडे ठेवलेली उद्याच्या मुलांची अनामत आहे.